वाचकांचे प्रश्न : टास्मानियात उरलेलं केल्प

गेल्या अंकात मी टास्मानियाच्या समुद्रातल्या केल्पबद्दल लिहिलं होतं. ज्यांच्या हाती तो अंक आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला असलेल्या या बेटाच्या पूर्व किनाऱ्यालगत पूर्वी जायंट केल्प या महाकाय समुद्री शेवाळाची दाट जंगलं होती. पाण्यावर पसरणारं त्यांचं छत गेल्या काही दशकांत जवळजवळ ९५ टक्के नाहीसं झालं. जे थोडं उरलंय ते का उरलं आणि समुद्र तापत असताना ते किती तग धरेल, हा माझ्या पीएचडीचा विषय आहे. मी मूळची चिपळूणची, सध्या मुक्काम होबार्ट. लेखावर पत्रं आणि ईमेल भरपूर आले. एकसारखे प्रश्न एकत्र करून, जमतील तेवढ्यांना इथे उत्तरं देते आहे.

प्रश्न : समुद्रात जंगल असतं हे वाचून आमच्या घरी वाद झाला. नातू म्हणतो, केल्प म्हणजे झाडच. मी म्हणतो, शेवाळाला जंगल कसं म्हणायचं? शेवाळ आम्ही विहिरीत पाहिलेलं. नेमकं काय आहे हे?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा

काका, केल्प झाड नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर. ते तपकिरी शेवाळ आहे आणि जमिनीवरच्या झाडाझुडपांशी त्याचं नातं फार लांबचं. पण त्याला जंगल म्हणावं की नाही, यात मी नातवाच्या बाजूची. जायंट केल्प तळाच्या खडकाला धरून तीस मीटर आणि त्याहूनही उंच वाढतं. पाणी थंड आणि कसदार असेल तर एका दिवसात अर्धा मीटरसुद्धा वाढतं. लाकूड नाही, खोड नाही, मग उभं कसं राहतं? प्रत्येक पात्याच्या बुडाशी हवा भरलेली एक लांबट पिशवी असते. अशा कितीतरी पिशव्या मिळून अख्खं केल्प वर ओढून धरतात. पृष्ठभागाशी पोचलं की ते आडवं होऊन पाण्यावर पसरतं आणि खाली सावली पडते.

त्याला मुळं नसतात. तळाशी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या दोऱ्यांचा गुंता असतो, त्याला होल्डफास्ट म्हणतात. त्याचं काम एकच, खडक सोडायचा नाही. अन्न शोषून घ्यायचं काम सगळं अंग करतं. वादळानंतर किनाऱ्यावर उखडून आलेला होल्डफास्ट मिळाला की मी तो पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवते आणि चिमट्याने एकेक दोरा सोडवत जाते. आधी बारीक, लांब हातांचे ब्रिटल स्टार सरपटत बाहेर येतात. मग नखाएवढे खेकडे, कृमी, दोऱ्यांच्या बेचक्यात चिकटलेले कोवळे शिंपले, स्पंजचे पिवळे ठिपके. ट्रेमधलं पाणी हलायचं थांबत नाही. तीस मीटरच्या केल्पचा हा फक्त पायथा. वर पात्यांवर गोगलगायी चरत असतात, छताखाली माशांची पिल्लं लपतात, खालच्या कपारींत शेवंडं (लॉब्स्टर) आणि अबालोन नावाच्या मोठ्या समुद्री गोगलगायी. पाण्यात उतरलं की वरून येणारा उजेड सोनेरी-हिरवा होतो आणि लाटांचा जोरही कमी झाल्यासारखा वाटतो, कारण केल्प तो खरोखरच थोडा शोषून घेतं. एवढ्या जिवांना थारा देणाऱ्या जागेला मी तरी जंगलच म्हणेन.

आणि ते माणसांचंही आहे. टास्मानियाचे मूळ रहिवासी, पालावा लोक, बुल केल्प नावाच्या दुसऱ्या जाड शेवाळाच्या पात्यापासून पाणी वाहून न्यायची भांडी करत. समुद्रातल्या शेवाळांवर राहणाऱ्या मॅरीनर नावाच्या लहान, चकचकीत शिंपल्यांच्या माळा पालावा स्त्रिया पिढ्यान् पिढ्या ओवत आल्या आहेत, आजही ओवतात. पाण्याखालचं काही बिघडलं की त्याची झळ या माळांपर्यंत पोचते.

तुमचाही केल्पशी संबंध आला असेल. कवळी किंवा दाताची कॅप बसवताना डॉक्टर तोंडात जे थंडगार मऊ मिश्रण दाबून माप घेतात, त्यात बहुधा अल्जिनेट असतं, आणि ते तपकिरी समुद्री शेवाळापासून काढतात. १९६० च्या दशकात टास्मानियाच्या पूर्व किनाऱ्यावर ट्रायाबुना गावाजवळ त्यासाठी कारखाना निघाला होता. बोटींनी जायंट केल्पचं छत कापून आणायचं आणि कारखान्यात अल्जिनेट काढायचं. कारखाना चालवण्याइतकं केल्प तेव्हा तिथे होतं. तो कारखाना १९७० च्या दशकात बंद झाला. आज कापायला बोट नेली तर तिथे कापण्याजोगं काही नाही.

प्रश्न : आमच्या रत्नागिरीला मे महिन्यात समुद्राचं पाणी तीस अंशांच्या आसपास जातं आणि त्यातही शेवाळ असतं, मासळी असते. टास्मानियात मात्र अठरा-वीस अंशांना जंगल मरतं, हे मुलांना कसं पटवायचं? वर्गात हाच प्रश्न आला.
— एक माध्यमिक शिक्षिका, रत्नागिरी

बाई, मुलांना आधी विचारा की हापूस काश्मिरात का होत नाही आणि सफरचंद रत्नागिरीत का होत नाही. एवढ्याने अर्धं काम होईल. तुमच्याकडचं शेवाळ कोमट पाण्यातलंच, जायंट केल्प थंड पाण्यातलं. वीस अंशांच्या पुढे त्याची ओढाताण सुरू होते.

पण उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे, आणि वर्गात मी त्यापासून सुरुवात करेन. तापमान नंतर, आधी खत. शेताला जसं नत्र लागतं तसं केल्पलाही लागतं. समुद्रात ते मुख्यतः नायट्रेटच्या रूपात असतं, आणि या भागात थंड पाण्यात ते भरपूर असतं. दक्षिणेकडून, अंटार्क्टिकाच्या बाजूने येणारं पाणी ते घेऊन येतं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याने उत्तरेकडून खाली येणारा ईस्ट ऑस्ट्रेलियन करंट हा उबदार प्रवाह मात्र नायट्रेटच्या बाबतीत जवळजवळ रिकामा. पूर्वी तो टास्मानियापर्यंत कमी पोचायचा. पॅसिफिकवरच्या वाऱ्यांची घडी बदलली तसा तो अधिक जोराने आणि अधिक दक्षिणेपर्यंत येऊ लागला. टास्मानियाजवळच्या मारिया बेटापाशी १९४४ पासून पाण्याचं तापमान नोंदवलं जातंय. त्या नोंदी सांगतात की इथला समुद्र जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला.

म्हणजे केल्पवर दोन संकटं एकाच वेळी येतात. पाणी तापलं की त्याला तग धरायला जास्त ताकद लागते, आणि नेमकं तेव्हाच पाण्यातलं नत्र संपलेलं असतं. साठवून ठेवायची त्याची कुवत काही आठवड्यांपुरतीच. भरपूर नायट्रेट मिळालेलं केल्प जास्त उष्णता सोसतं, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. म्हणून 'अमुक अंशांना केल्प मरतं' असा एकच आकडा मुलांना देऊ नका. उपाशी केल्प आणि पोटभर खाल्लेलं केल्प यांचे आकडे वेगळे.

२०१५-१६ मध्ये टास्मान समुद्रात उष्णतेची लाट आली. जमिनीवरची लाट आठवड्याभरात ओसरते, ही तब्बल २५१ दिवस राहिली. सर्वात वाईट काळात पाणी नेहमीपेक्षा २.९ अंशांनी जास्त तापलेलं होतं. अबालोन मेले, कालवांच्या शेतीत रोग शिरला. टास्मान द्वीपकल्पावरचा फॉर्टेस्क्यू बे हा केल्पमध्ये डायव्हिंग करणाऱ्यांचा आवडता भाग होता, त्याचीही रया गेली. त्याआधीच, २०१२ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या जायंट केल्पच्या जंगलांना संकटग्रस्त म्हणून कायद्याचं संरक्षण दिलं होतं. समुद्रातल्या एखाद्या अख्ख्या परिसंस्थेला त्या कायद्याखाली अशी जागा पहिल्यांदाच मिळाली. पण पाणी गरम व्हायचं थांबेल असं कलम त्या कायद्यात घालता येण्यासारखं नव्हतं.

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. तुम्ही दिवसभर नक्की काय करता? रोज डायव्हिंग करता का?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

रोज नाही गं. हवा, लाटा, बोट आणि सोबतचे डायव्हर असं सगळं जुळून आलं तरच समुद्रात उतरायचं. बाकीचे दिवस प्रयोगशाळेत आणि कॉम्प्युटरपुढे जातात.

तुला एक काम नीट सांगते, मला तेच सर्वात आवडतं. केल्पच्या बुडाशी, होल्डफास्टच्या जरा वर, खास पुनरुत्पादनाची पाती असतात. तयार झाली की त्यांच्यावर गडद डाग दिसतात. पाण्याखाली हातमोजे घालून ती थोडीशी कापून घ्यायची, आईला, म्हणजे त्या मूळ केल्पला, इजा होणार नाही इतकीच. बोटीवर बर्फाच्या पेटीत ठेवायची. प्रयोगशाळेत आल्यावर गाळलेल्या समुद्राच्या पाण्याने पुसून स्वच्छ करायची आणि रात्रभर थंड जागी, ओलसर कागदात, पाण्याबाहेर ठेवायची. सकाळी ती गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात टाकली की थोड्या वेळात काचेच्या भांड्यातल्या पाण्याला फिकट तपकिरी रंग चढायला लागतो. त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला की दिसतं, सगळा थेंब पोहतोय. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान बीजाणू, प्रत्येकाला दोन शेपट्या, आणि नुसती धावपळ. तीस मीटरच्या जिवाचं आयुष्य इथून सुरू होतं.

हे बीजाणू खाली बसतात, रुजतात आणि त्यांचे नर व मादी असे बारीक धागे होतात. त्या अवस्थेला गॅमेटोफाइट म्हणतात. बारावीच्या आधी हा शब्द पाठ करून ठेव, नेच्यांच्या जीवनचक्रातही तो येतो. हे धागे नुसत्या लाल उजेडात ठेवले तर नुसते वाढत राहतात, प्रजनन करत नाहीत. नीट राखले तर वर्षानुवर्षं. म्हणून आमच्या शीतखोलीत लाल दिवे असतात आणि फळ्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या. प्रत्येक बाटलीत एका आईचे धागे, चिठ्ठीवर जागा आणि तारीख. उजेडात निळा रंग मिसळला की त्यांचं चक्र पुढे सरकतं, अंडी आणि शुक्रपेशी तयार होतात आणि इवलंसं केल्प दिसू लागतं.

पुढचं काम चिकाटीचं. वेगवेगळ्या ठिकाणच्या आयांची पिल्लं वेगवेगळ्या तापमानाच्या टाक्यांत ठेवायची, काहींना नायट्रेट भरपूर द्यायचं, काहींना तुटपुंजं. कोण किती वाढलं ते मोजायचं आणि पानाचं प्रकाशसंश्लेषण ठीक चाललंय का ते यंत्राने तपासायचं. सगळं बाहेरून सारखंच दिसणारं केल्प, पण काही आयांची पिल्लं उष्णता इतरांपेक्षा चांगली सोसतात. तो गुण कुठे सापडतो आणि पोट भरलेलं असताना तो किती वाढतो, याच्या शोधात मी आहे.

प्रश्न : लेखात काटेरी अर्चिनचा उल्लेख होता. ते केल्प खाऊन टाकतं म्हणता, मग काढून टाकायला काय हरकत आहे? आमच्याकडे दोन पिढ्या मासेमारी आहे म्हणून विचारतो.
— एक मच्छीमार, मालवण

दादा, काढतात. पण ते वाटतं तितकं सोपं नाही, आणि तुम्हाला ही गोष्ट इतरांपेक्षा लवकर कळेल.

अर्चिन म्हणजे समुद्रतळावर राहणारा, चेंडूसारखा गोल काटेरी प्राणी. हे लांब काट्यांचं काळपट अर्चिन मूळचं ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरच्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या किनाऱ्याचं. टास्मानियात ते १९७८ मध्ये पहिल्यांदा नोंदवलं गेलं. त्याचं पिल्लू पाण्यात तरंगत कित्येक आठवडे वाढतं आणि पाणी बारा अंशांच्या खाली गेलं तर नीट वाढत नाही. पूर्वी टास्मानियाचा हिवाळा त्याला आत येऊ देत नव्हता. पाणी तापण्याची चर्चा होते तेव्हा सगळे उन्हाळा बघतात. इथे दार उघडलं ते हिवाळ्याने. प्रवाह पिल्लं घेऊन येतच होता, आता ती जगायला लागली. २०१६-१७ च्या पाहणीत पूर्व किनाऱ्यावर दोनेक कोटी अर्चिन असल्याचा अंदाज निघाला आणि खडकाचा सुमारे १५ टक्के भाग त्यांनी साफ केलेला आढळला. पंधरा वर्षांपूर्वीच्या पाहणीत तो सुमारे ३ टक्के होता. उष्णतेने आणि उपासमारीने खंगलेल्या केल्पवर हा दुष्काळात तेरावा महिना.

आता शेवंडाकडे येऊ. या अर्चिनला फोडून खाणारा टास्मानियातला मुख्य शिकारी शेवंडच. पण लहान शेवंडाला ते काटे झेपत नाहीत, चांगलं मोठं लागतं. आणि मोठं शेवंड व्हायला वर्षं लागतात. कित्येक दशकं ती पकडली गेली, किमान आकार गाठला की जाळ्या-सापळ्यांत. कायद्याने बघितलं तर सगळं बरोबर होतं, पण समुद्रात मोठी शेवंडं उरेनाशी झाली. अर्चिन आलं तेव्हा पहारेकरी जागेवर नव्हता. २०१३ पासून पूर्व किनाऱ्यावर शेवंडाच्या पकडीवर वेगळी मर्यादा आली, आणि दुसरीकडची शेवंडं आणून तिथे सोडलीही गेली. मच्छीमारांना ते सोपं गेलं नाही. तरी माझ्या मते आजवर झालेल्या कामांत हेच सर्वात योग्य दिशेने झालेलं काम.

राहिलं माणसाने काढणं. अर्चिनच्या आतल्या प्रजननग्रंथी जपानी पद्धतीच्या जेवणासाठी महाग विकल्या जातात, म्हणून बोटीवरून हवेची नळी घेऊन उतरणारे व्यावसायिक डायव्हर दरवर्षी शेकडो टन अर्चिन काढतात, सरकारही त्यासाठी पैसे देत आलं आहे. अडचण अशी, की ज्या खडकावर केल्प शिल्लक आहे तिथलं अर्चिन गलेलठ्ठ आणि विकाऊ. जिथे सगळं खाऊन संपलंय तिथलं अर्चिन उपाशी, आतून रिकामं, त्याला कोणी विचारत नाही. आणि ते मरतही नाही. खडकावरचा पातळ थर खरवडत वर्षानुवर्षं बसून राहतं, कोवळं केल्प उगवलं की फस्त करतं. एकदा ओसाड झालेल्या जागी जंगल परत आणायचं तर अर्चिन नुसतं कमी करून भागत नाही, जवळजवळ नाहीसं करावं लागतं. खोल पाण्यात डायव्हरला फार वेळ थांबता येत नाही, ते तुम्ही जाणताच.

प्रश्न : आपल्या कोकणात किंवा गोव्यात केल्प आहे का?
— एक गृहिणी, डोंबिवली

नाही, आपलं पाणी त्याला फार गरम. कोकणात खडकाळ किनाऱ्यावर, मालवणला, रत्नागिरीला, खाली गोव्यात अंजुण्याला, सरगॅसम हे दुसरं तपकिरी शेवाळ होतं. त्यालाही हवेच्या बारीक पिशव्या असतात, मण्यांएवढ्या.

पण अरबी समुद्रात केल्प आहे, हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. आपल्या समोरच्या किनाऱ्यावर, ओमानच्या धोफार प्रांतात. तिथे तर वाळवंट, मग थंड पाणी कुठून आलं? आपल्याकडे पाऊस आणणारे नैर्ऋत्य मोसमी वारे ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहतात आणि वरचं गरम पाणी किनाऱ्यापासून लांब ढकलतात. त्याची जागा घ्यायला खोलातलं थंड, नायट्रेटने भरलेलं पाणी वर येतं. त्यामुळे जून ते सप्टेंबर, ऐन उन्हाळ्यात, तिथला समुद्र वर्षातला सर्वात थंड असतो आणि शेवाळांना बहर येतो. आपल्याकडे भाताची लावणी चालू असते तेव्हा त्याच वाऱ्याच्या जिवावर पलीकडे केल्प वाढत असतं. केल्पला थंडीबरोबर खतही लागतं, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. मोसमी वाऱ्यांमध्ये फरक पडला तर त्या केल्पचं काय, हा प्रश्न भारतातल्या एखाद्या संशोधकाने हाती घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : समुद्र तापतच राहणार असेल तर केल्प पुन्हा लावण्यात काय अर्थ? लाखो रुपये खर्चून लावायचं आणि पुढच्या लाटेत घालवायचं. वाया नाही का हे?
— एक अभियंता, नागपूर

हा प्रश्न मलाही इथे आल्यापासून छळतो आहे, त्यामुळे जरा सविस्तर.

'तग धरणं' असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन गोष्टी आहेत. एक, लाट आली तरी न मरणं. दुसरी, मेलं तरी पुन्हा उगवणं. जायंट केल्पची खरी ताकद दुसरीत आहे. वादळाने अख्खं जंगल उपटून नेलं तरी वर्ष-दोन वर्षांत ते पुन्हा उभं राहायचं, इतकी त्याची वाढ जलद. फक्त एक अट, बीजाणू देणारं केल्प जवळपास पाहिजे. ते धावपळ करणारे बीजाणू फार लांब जात नाहीत, बहुतेक आईच्या आसपासच बसतात. दाट जंगलं ओळीने होती तेव्हा एकाचं नुकसान शेजारचं भरून काढायचं. आता उरलेल्या ठिकाणांमध्ये इतकं अंतर पडलंय की एक जागा गेली तर तिला बी द्यायला शेजारी कोणी नाही. ९५ टक्के गेलं, यातलं माझ्या मते सर्वात मोठं नुकसान हे अंतर आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलियात काय झालं ते बघा. २०११ च्या सुरुवातीला तिथे समुद्रात जबर उष्णतेची लाट आली. तिथलं केल्प वेगळ्या जातीचं, बुटकं. कालबारीच्या आसपास ते मेलं आणि त्याची उत्तरेची हद्द सुमारे शंभर किलोमीटर दक्षिणेला सरकली. लाट गेली, पाणी निवलं, पण केल्प परतलं नाही. रिकाम्या खडकांवर आखूड शेवाळाची गादी पसरली आणि लाटेबरोबर खाली आलेले उष्ण कटिबंधातले शाकाहारी मासे नवा कोंब दिसला की कुरतडू लागले. लाट काही आठवड्यांची, परिणाम कायमचा. टास्मानियाच्या केल्पला तर दक्षिणेला सरकायलाही वाव नाही. बेट संपलं की पुढे उघडा दक्षिण महासागर.

म्हणून लावणी करायची ती अख्खा किनारा हिरवा करायला नाही, तर मधली अंतरं कमी करायला. इथल्या इन्स्टिट्यूट फॉर मरीन अँड अंटार्क्टिक स्टडीजने क्लायमेट फाउंडेशन या संस्थेबरोबर वाचलेल्या केल्पचे बीजाणू गोळा केले, त्यांतून उष्णता जास्त सोसणारे निवडले आणि २०२० मध्ये दोऱ्यांवर रुजवलेली पिल्लं तीन ठिकाणी समुद्रात नेऊन लावली. सगळीकडे सारखं यश आलं नाही, पण काही पिल्लं दहा मीटरहून उंच वाढली आणि स्वतः बीजाणू देऊ लागली. अशी एक जागा धरली की तिच्या आसपास पुढची पिढी आपोआप उगवायची शक्यता तयार होते. नॉर्वेत खडीवर केल्प रुजवून ती खडी बोटीवरून नुसती टाकायची पद्धत काढली आहे, त्यात डायव्हर उतरवायचा खर्च वाचतो.

सिडनीचं उदाहरण मला फार धीर देतं. तिथे क्रेवीड नावाचं तपकिरी शेवाळ, आपल्या सरगॅसमच्याच गणातलं, १९८० च्या दशकात शहरालगतच्या सुमारे सत्तर किलोमीटर किनाऱ्यावरून नाहीसं झालं. संशय किनाऱ्याशीच सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यावर होता. पुढे ते सांडपाणी खोल समुद्रात सोडायची व्यवस्था झाली, पाणी सुधारलं, पण क्रेवीड आपणहून आलं नाही. बी देणारं जवळ कोणी नव्हतंच. २०११ पासून शास्त्रज्ञांनी ते लावायला घेतलं आणि आता ते लावलेल्या जागांवरून स्वतःहून पसरतंय. पण क्रम बघा. आधी पाणी, मग लावणी. पाणी घाण असताना लावलं असतं तर तुमचा आक्षेप शंभर टक्के खरा ठरला असता.

टास्मानियात घाण पाण्याच्या जागी अर्चिन आणि उष्णता आहे. अर्चिन हटवल्याशिवाय, शेवंडं मोठी होऊ दिल्याशिवाय लावणी करणं खरंच वाया, हे मी इथल्या बैठकांतही म्हणते. उष्णतेचं काय? कोळसा आणि तेल जाळणं कमी झालं नाही, तर निवडलेलं केल्पही एक दिवस हात टेकेल. लावणीने आम्ही वेळ मिळवतोय, एवढंच. पण त्या वेळात बीजाणू देणारं केल्प समुद्रात जिवंत असणं आणि नसणं, यात मला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. एक काळजी मात्र आहे, ती तुमच्या पत्रात नव्हती म्हणून मीच मांडते. सर्वात काटक अशी एकच आई निवडून सगळीकडे तिचीच पिल्लं लावली, तर उद्या एखादा रोग सगळ्यांना एकदम घेऊन जाईल. म्हणून बाटल्या बऱ्याच ठेवाव्या लागतात, कमी काटक आयांच्यासुद्धा.

प्रश्न : माझी मुलगी बारावीला आहे. तुमचा लेख वाचून ती सागरी जीवशास्त्र म्हणते आहे. पोहता येत नाही. शिक्षण कुठे, नोकरी मिळते का? आमच्या घरात डॉक्टर-इंजिनिअरशिवाय काही माहीत नाही.
— एक आई, नाशिक

ताई, घाबरून जाऊ नका. बी.एस्सी. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, काहीही चालेल. मत्स्यविज्ञानात पदवी घ्यायची असेल तर रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी गोवा विद्यापीठ, कोचीचं कुसॅट (कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ), मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. संशोधनासाठी गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, आणि समुद्री शेवाळावर भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेत मोठं काम चालतं. परदेशात पीएचडीला बहुतेक वेळा विद्यावेतन मिळतं. ते मिळत नसेल तर कर्ज काढून पीएचडीला जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

नोकऱ्या इंजिनिअरिंगइतक्या नाहीत. ज्या आहेत त्यांत संख्याशास्त्र आणि संगणकावर आकडेमोड येणाऱ्या मुलांना जास्त मागणी आहे. केल्पच्या छताची जगभरची मोजणी १९८० च्या दशकापासूनच्या लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांवरून होते, आणि ती करणाऱ्यांतले कित्येक पाण्यात उतरतही नाहीत. पोहणं शिकता येतं. माझ्या बरोबरचे काही जण विशीनंतर शिकले. डायव्हिंगचं प्रशिक्षण त्याच्या पुढे, संशोधनासाठीचं तर आणखी वेगळं. त्याची आज चिंता नको.

तिला खरंच आवडतंय का हे बघायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत, पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास, चांगली ओहोटी बघून मालवणला किंवा रत्नागिरीला घेऊन जा. सोबत वही, पेन्सिल आणि दोरीची एक मीटरची चौकट द्या. चौकट खडकावर ठेवायची, आत दिसेल ते सगळं लिहायचं, मग चौकट पुढे सरकवायची. उपटायचं काही नाही, उचललेला दगड पुन्हा होता तसाच ठेवायचा. दोन तास वाकून हे करताना तिला वेळेचं भान राहिलं नाही, तर मला नक्की कळवा. पुढचे फॉर्म कसे भरायचे ते मी सांगेन.